निरोगी माणसाचं रक्त

शास्त्री नगर, जयपूर
१८ जानेवारी २०२५

सौ. रमास,

गार्गीच्या बाळाला दात आले का? इथे थंडी मरणाची आहे. मेथी स्वस्त झालीय, पण एकट्यासाठी निवडत कोण बसणार? तुझ्या बँकेच्या बदलीने आपण इथे आलो आणि राहिलो मी एकटाच. निवृत्त झालीस, लेकीच्या बाळंतपणाला गेलीस ती तिकडचीच झालीस, हे लिहिणार नव्हतो. लिहिलं गेलं. फोनवर तिसऱ्या वाक्याला आपलं भांडण होतं, म्हणून हे पत्र.

मुरलीपुऱ्यातल्या छापखान्याचं काम जोरात आहे. लग्नपत्रिका आता जवळजवळ बंद. पत्रिका छापायच्या त्याच जाळीतून कार्बनची शाई ओढून कॉलेजच्या प्रयोगशाळेला सेन्सरच्या पट्ट्या छापून देतो. पट्टीवर रक्ताचा थेंब टाकायचा. मूत्रपिंड बिघडलं की रक्तात एक प्रथिन वाढतं. ते पट्टीवर चिकटतं आणि तिच्यातला वीजप्रवाह उतरतो. ते ओळखायला प्रथिनाला वेगळा रंग लावायला नको, खूण करायला नको. हे सगळं मी वाचून वाचून शिकलो, कुणी शिकवलेलं नाही.

ताडून बघायला त्यांना निरोगी माणसाचं रक्त हवं होतं. म्हटलं, माझं घ्या. तर माझ्याच थेंबाला प्रवाह उतरला. तिथल्या संशोधक प्रणिता मॅडम, आपल्या साताऱ्याकडच्याच, म्हणाल्या, "काका, तुमच्या पट्ट्या खराब दिसताहेत."

मी भडकलो. "माझी छपाई केसभर हलत नाही! दुसऱ्या कुणाचं रक्त घालून बघा."

"घातलं, काका. त्यांचं बरोबर येतंय."

"मग? पट्टी बरोबरच आहे की!"

त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "पट्टी खराब निघाली असती तर बरं झालं असतं, काका."

तेव्हा कुठे मला कळलं, मी काय जिंकून बसलो ते.

दवाखान्यातल्या तपासणीतही तेच निघालं. पाय सुजायचे, त्याचा दोष मी नव्या बुटांना देत होतो. तीस तारखेला मूत्रपिंडाचा बारीकसा तुकडा काढून बघणार आहेत. एक रात्र राहायचं, फार काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. गार्गीला इतक्यात सांगू नकोस.

सोबत घरचं माणूस लागतं. शेजारचे गोपीनाथजी म्हणाले, "हम हैं ना, भाईसाहब." मी नको म्हटलं. बायको येतेय, असं सांगून टाकलं.

तुला न विचारता सांगितलं. रागव हवं तर. पण इथे येऊन रागव.

दार उघडायला घरीच असलेला,
सर्जेराव