सातवी ब ची हजेरी आणि माझ्या दोन खोल्या

मी, खाली अंगठा उठवणारी, शाळेची निवृत्त शिपाईबाई, वय कागदोपत्री शहात्तर, गुडघ्यांना विचाराल तर शंभर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय सांगते आहे. मला अक्षरओळख नाही, डोके मात्र ठिकाणावर आहे. या दोन गोष्टी एकाच बाईत असू शकतात, हे लिहून घेणाऱ्याला पटायला बावीस वर्षे लागली. लिहून घेणारे आमच्याच शाळेचे निवृत्त हेडमास्तर. त्यांचे अक्षर मोत्यासारखे आहे. बाकीचे गुण पुढे येतीलच.

कलम एक. मागची खोली मुलाला. पुढची, रस्त्याकडे दार असलेली, त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या नातीला. नात तीन महिन्यांपूर्वी आमच्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागली. सातवी ब, बेचाळीस पोरे. ओरडून ओरडून तिचा घसा बसला आहे आणि पर्समध्ये राजीनामा तयार आहे. तो ती गुरुवारी शाळा सुटल्यावर देणार. तिचे वडील म्हणतात, "दे सोडून. माझ्या ओळखीने कुरिअरच्या ऑफिसात लावतो. पाकिटं तरी उलट बोलत नाहीत." मुलगा माझा आहे, अक्कल कोणाकडून आणली ठाऊक नाही.

हेडमास्तर म्हणाले, "मावशी, अट घालू या. नोकरी टिकवली तरच खोली." मी म्हटले, अट नको. तुम्ही जन्मभर अटीच घातल्यात, 'गप्प बसाल तर खेळायला सोडीन'. पोरे गप्प बसली नाहीत, तरी तुम्ही सोडलेच, कारण तुमची चहाची वेळ झालेली असे. खोली तिचीच, राजीनामा दिला तरी.

कलम दोन. गणिताच्या मास्तरांची छडी. ती माझ्या माळ्यावर निघेल. ती हरवली म्हणून त्यांनी अख्ख्या वर्गाला उन्हात उभे केले होते, तेव्हा ती माझ्या झाडूच्या खोलीत होती. कोणी चोरली म्हणेल, मी जप्त केली म्हणते. ती मुलाला द्यावी. पडद्याची दांडी गेले वर्षभर त्याला मिळत नाही आहे.

कलम तीन. वर्गाबाहेरचे माझे स्टूल नातीला. एकतीस वर्षे मी त्यावर बसून दारे ऐकली. 'शांत बसा' असे ओरडणाऱ्या बाईंचा आवाज हा त्या व्हरांड्यातला सर्वांत मोठा गोंधळ होता. एका पोराच्या खोडीसाठी चाळीस जणांना शिक्षा करणारे मास्तर मधल्या सुट्टीपर्यंत त्या पोराला पुढारी करून ठेवत. विज्ञानाच्या बाई तेवढ्या दारात उभ्या राहत, आत येणाऱ्या प्रत्येकाशी एक शब्द बोलत, आणि वर्ग भरेपर्यंत तो निम्मा शांत झालेला असे. त्यांना कधी बक्षीस मिळाले नाही. गप्प वर्गाकडे कोण बघतो?

कलम चार. एक जुना राग. तेव्हाच्या सातवी ब च्या बाई ऑपरेशनसाठी दोन महिने रजेवर गेल्या. हेडमास्तर मला म्हणाले, "मावशी, नुसतं बसा, मारामारी होऊ देऊ नका." हजेरीपट हातात दिला. मला वाचता येत नाही हे पोरांना कळले असते, तर त्यांनी मला विकून खाल्ले असते. म्हणून मी सांगितले, नावे मी घेणार नाही. प्रत्येकाने शेजारचा आला का ते सांगायचे, नसेल तर का नाही तेही सांगायचे. पहिल्या दिवशी त्यांनी खिडकीतल्या मांजरालाही हजर सांगितले. आठवडाभरात मात्र कोणाची आई आजारी, कोणाची चप्पल तुटली, हे ऐकायला वर्ग आपण होऊन गप्प होऊ लागला.

हेडमास्तरांनी ते दारातून पाहिले. वरती अहवाल गेला, 'परस्पर-दायित्व हजेरी पद्धती'. शाळेला बक्षिसाची ढाल आली. भाषणात त्यांनी पालकांचे, संस्थेचे आणि माइकवाल्याचे आभार मानले. इथे लिहिणारा हात थांबला आहे.

"मावशी, हे कलम हवंच का?"

"हवं. आणि तसंच, मोत्यासारखं."

हा राग मी कोणाला वाटून देत नाही. लिहून झाला की संपला.

नातीला मी एवढेच म्हटले, "गुरुवारी राजीनामा दे खुशाल, पण सकाळची हजेरी अशी घेऊन बघ."

"त्याने पोरं गप्प बसतील, आजी?"

"काय माहीत. तू तरी ओरडायची थांबशील."

कलम पाच. गुरुवार, संध्याकाळी पाच. हेडमास्तर म्हणतात, या कलमाने कशाचीच वाटणी होत नाही. तरी लिहा. नात आत्ता आली. मी विचारले, "कसा होता वर्ग?"

"बाजार होता, आजी. हसत काय होते, ढकलत काय होते."

"मग?"

"शेवटच्या बाकावरची मुलगी चार दिवस येत नाहीये. मी रोज गैरहजर लिहून पुढे जात होते. आज तिची शेजारीण उठून म्हणाली, तान्ह्या भावाला सांभाळायला तिला घरी ठेवलंय, आता पाठवणार नाहीत. ती बोलत होती तेव्हा कोणीही हूं की चूं केलं नाही. मी आत्ता तिच्या घरी जाऊन येते."

पाणी प्यायली आणि निघालीसुद्धा. मी राजीनाम्याचे काही विचारले नाही. त्या मुलीचा पत्ता तिने वर्गातच पर्समधल्या एका कागदाच्या पाठीवर लिहून घेतला होता; पाणी पिताना तो तिने हेडमास्तरांपुढे ठेवला होता. पुढच्या बाजूला काय होते ते हेडमास्तरांनी वाचले आणि चष्मा पुसत बसले. मला काय, मला वाचता येत नाही.

हे सर्व मला वाचून दाखवले, ते मी सांगितले तसेच आहे, एक शब्द गाळलेला हेडमास्तरांच्या लक्षात आणून दिला, तोही घातला. म्हणून डाव्या हाताचा अंगठा.

ठिकाण : पुढची खोली, दार उघडे.
तारीख : गुरुवार, उद्या शाळा आहे.
साक्षीदार : १. शाळेचा माळी (सही)  २. शेजारची शिवणकामवाली (सही)
लिहून घेणार : निवृत्त हेडमास्तर (सही, बारीक अक्षरात)