टाक्याच्या फाटकाचे कुलूप

मी, कुंता जीवनलाल बिसेन, वय ७२, राहणार फुलचूर, तालुका व जिल्हा गोंदिया, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वखुशीने हे मृत्युपत्र करते. मोतीबिंदू डोळ्यांत आहे, डोक्यात नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे.

१. कामठ्याची धानाची शेती मुलगा लोकेंद्र याला द्यावी. वडिलांचे गुडघे गेले तेव्हा त्याने अंगणात स्विमिंग पूल बांधला. मी त्याला टाके म्हणते. चोरखमाऱ्याच्या तलावात पोहत वाढलेला माणूस शेवटची वर्षे पुन्हा पाण्यात हसला. लोकेंद्रा, हे मी विसरले नाही. तुझे भले होवो.

२. फुलचूरचे घर, टाके व त्याभोवतीचे लोखंडी कुंपण सून ओमेश्वरी हिच्या एकटीच्या नावे करावे. कुंपण झाल्याशिवाय पाणी भरू देणार नाही, म्हणून तीच अडून बसली होती. आपोआप लागणारे फाटकही तिनेच बसवून घेतले. कुंपण कोणीही काढू नये, लग्नाच्या मांडवासाठीसुद्धा नाही.

३. दीर श्यामलाल यांना माझ्या कपाटातला चौकड्यांचा गमछा द्यावा, धुऊन इस्त्री करून. तो त्यांचाच आहे. माझ्या मालकांना स्मशानात पोचवून आलेली मंडळी आंघोळीला थेट टाक्यावर गेली. ओमेश्वरी फाटक लावायला गेली, तर भाऊजी म्हणाले, "दार कायले लावून राहिली वो? सारे ये-जा करून राहिले." आणि याच गमछ्याने त्यांनी फाटक उघडे बांधून ठेवले. दुःखाच्या घरात सून काय बोलणार? मंडळी आंघोळ करून गेली, गमछा तसाच राहिला. माझी नात नीतू तेव्हा जेमतेम चालत होती. ती पाण्यात गेली. ओमेश्वरीने साडीसकट उडी मारून तिला काढले. आज नीतू शाळेत जाते. भाऊजी, राग कधीच गेला. गमछा तेवढा द्यायचा राहिला होता.

४. माझ्या गळ्यातली सोन्याची एकदाणी नीतूला, पण पोहायला शिकल्यावर.

५. मला पोचवून आल्यावर सगळ्यांनी अंगणातल्या नळावर आंघोळ करावी. नळ मी त्यासाठीच बसवून घेतला आहे, पाणी भरपूर येते. त्या दिवशी घरात लेकरे पुष्कळ असतील, म्हणून टाक्याचे फाटक बंद राहील. लोक म्हणतील, सासू गेली नाही तोच सून कुलूप लावून बसली. ओमेश्वरी, बाई माझी, तुझ्यामुळे माझी नात आहे. तू कोणाचे ऐकून घेऊ नकोस. हा कागद दाखव आणि सांग, कुलूप सासूने लावले आहे.

सही: कुंता जीवनलाल बिसेन

मजकूर वाचून दाखवल्यावर त्यांनी आमच्यासमोर सही केली:
१) शालीकराम टेंभरे, शेजारी
२) डॉ. हेमेंद्र कटरे

फुलचूर, दि. १२ मार्च २०२५