मला कसलीही लक्षणं नाहीत

२ फेब्रुवारी २०२१, मंगळवार. सकाळी ७
संकल्प: आजपासून मास्क नाकावर. हनुवटीवर अजिबात नाही. वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोल केलंय, शिस्त मला कोणी शिकवायला नको.

सकाळी ९.३०
दूध केंद्रावर मास्क खाली घ्यावा लागला. दूधवाल्याला माझं नीट ऐकू येत नव्हतं आणि विषय महत्त्वाचा होता (दही घट्ट का लागत नाही). तीन मिनिटांत आवरावं लागलं, मागे लाइन होती. तसंही मला सर्दी नाही, खोकला नाही. ज्यांना लक्षणं आहेत त्यांनी काळजी घ्यावी.

संध्याकाळी ६
उजवीकडची वरची दाढ दुखते. दुखते असं नाही, जाणवते. डेंटिस्टची अपॉइंटमेंट घेतली. गेल्या महिन्यात दोनदा गेलेलो, पण दातांची हयगय बरी नव्हे.

५ फेब्रुवारी, शुक्रवार
क्लिनिकला जाऊन आलो. हल्ली अर्ध्या तासाला एकच पेशंट घेतात. उत्तम पद्धत. पूर्ण अर्धा तास माझा.

आधी औषधाच्या पाण्याने मिनिटभर गुळण्या. मग डॉ. अंतरा आली. वयाने माझ्या मुलाएवढी, केदारएवढीच असेल. अंगभर किट, दोन मास्क, वर प्लास्टिकचं शील्ड, दिसतात फक्त डोळे. मला बघून डोळे हसले. जेवण नीट होतं का काका, असं विचारलं. सगळ्यांना विचारत असेल असं मला वाटत नाही.

एक्स-रे काढला. दाढ ठणठणीत आहे म्हणाली. म्हटलं, सुरुवातीला एक्स-रेत दिसत नसेल. त्यावर ती काही बोलली नाही, म्हणजे पटलं असावं.

आमची ही, उत्तरा, जाऊन चार वर्षं झाली. त्यानंतर माझ्याकडे इतक्या बारकाईने कोणी पाहिलेलं नाही. नोंद म्हणून लिहितोय, बाकी काही नाही.

९ फेब्रुवारी, मंगळवार
आता डावीकडची जाणवते. पुन्हा गेलो. या वेळी सापडलं! जुन्या फिलिंगचा कोपरा उडालाय. सहा महिने थांबलं तरी चालेल म्हणाली. म्हटलं छे, क्वालिटीमध्ये थांबणं नसतं, आजच करून टाका.

तर म्हणे आधी कोविडची टेस्ट. ड्रिल फिरलं की लाळेचे बारीक तुषार उडतात. मी म्हटलं, अहो पण मला कसलीही लक्षणं नाहीत! ती म्हणाली, "तेच तर ना काका. लक्षणं नसलेल्या माणसाच्या लाळेतही व्हायरस असतो, आणि माझं सगळं काम लाळेतच."

मुद्दा बरोबर आहे. बाकीच्या पेशंट्सची खरोखर टेस्ट व्हायलाच हवी.

१० फेब्रुवारी, बुधवार
लॅबचा गणू घरी आलेला. बाटलीत थुंका म्हणाला. थुंकलो. चहा टाकलेला, दोन कप. थांबला नाही. दोन्ही मीच प्यायलो, ॲसिडिटी झाली.

केदारचा डोंबिवलीहून फोन. बाबा, उगाच फिरू नका. अकरा महिने तो इकडे आलेला नाही, माझी काळजी म्हणूनच. जपणारा मुलगा आहे.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी
रिपोर्ट पॉझिटिव्ह. लॅबची चूक. ताप नाही, ऑक्सिजन ९८. हिंगाचा डबा उघडून तीनदा वास घेतला, तिन्ही वेळा आला.

डॉ. अंतराने फोन केला. घाबरू नका, घरीच थांबा, अपॉइंटमेंट कॅन्सल करते. फोन तिने स्वतः केला, रिसेप्शनिस्टने नाही.

संध्याकाळी
महापालिकेतून करिश्मा नावाच्या मुलीचा फोन. गेल्या काही दिवसांत पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ, जवळून कोणाला भेटलात? नावं आणि नंबर द्या.

कोणालाच नाही, असं तोंडावर आलेलं. पण ते बरं दिसेना. वर्तकनगरमध्ये मला सगळे भाऊ म्हणून ओळखतात. पोरीला वाटायचं, अरेरे, बिचारा म्हातारा. अकरा नावं दिली. केदार, सूनबाई, नात उर्वी. खालच्या मजल्यावरच्या शुभदाताई. कोलशेतचा काळुराम, कंपनीतला माझा दोस्त. शिवाय आमच्या डिपार्टमेंटचे सहा जण.

"बाप रे काका, भारीच सोशल आहात तुम्ही!"

म्हटलं, काय करणार, माणसं सोडतच नाहीत.

१३ फेब्रुवारी, शनिवार
दिवसभर फोन. एवढे फोन रिटायरमेंटच्या दिवशीसुद्धा आले नव्हते.

काळुराम: "तुजा डोका फिरलाय का रं भाऊ? वरीस झाला तुला बगून! घरान परवा हलद हाय आन् मना क्वारंटाइन!" सहा मिनिटं बोलला. आवाज अजून तसाच दणदणीत. बरं वाटलं.

शुभदाताई जिन्यातूनच ओरडल्या. डिपार्टमेंटमधल्या दोघांनी मला ब्लॉक केलंय बहुतेक. नेटवर्कचाही प्रॉब्लेम असू शकतो.

केदारचा फोन शेवटी आला. तो ओरडला नाही. म्हणाला, "बाबा, आपण भेटलेलोच नाही. उर्वीच्या नाकात काडी घातली, केवढी रडली ती. का दिलंत आमचं नाव?"

खूप वाईट वाटलं. जेवलो नाही.

१५ फेब्रुवारी, सोमवार
करिश्माचा परत फोन. ती चिडली नव्हती, दमलेली होती. एकेक नाव वाचून विचारत गेली, खरंच भेटलेलात का काका? अकरा वेळा नाही म्हणालो. उर्वीचं नाव तिला दोनदा वाचावं लागलं.

मग मला आठवलं. म्हटलं, थांबा, डॉ. अंतरा लिहा! अर्धा अर्धा तास, वीतभर अंतरावर, मी तोंड उघडं टाकून. हे शंभर टक्के खरं आहे, हवं तर विचारा.

तिने विचारलं. दहा मिनिटांनी फोन आला. म्हणाली, "त्यांची टेस्ट निगेटिव्ह आहे काका. आणि त्यांनी फुल किट घातलेलं, तुम्ही गुळण्याही केलेल्या. म्हणजे त्यांना क्लोज कॉन्टॅक्टमध्ये धरत नाहीत. मग शून्य लिहू ना? चांगलंच आहे काका, तुमच्यामुळे कोणालाच काही नाही."

म्हटलं, लिहा.