बिनआवाजाचा ग्रह

६ जुलै, रविवार
मंडईजवळच्या मंडळाला यंदा गणपतीत परग्रह पाहिजे. हलता देखावा. अध्यक्ष स्वतः कर्वेनगरला आमच्या शेडवर आले. म्हणाले, "पलीकडच्या मंडळाचे किल्ले बघून लोक कंटाळले. आपण आता पृथ्वीच सोडू."
शेडचे उस्ताद चाचा वेल्डिंगचा चष्मा न काढता म्हणाले, "सोडू की. वायर किती लांब लागेल तेवढं सांगा."
ठरलं. एक तबकडी, हिरवी माणसं, हातात बंदुका. साचे आहेतच, मागच्या साली राक्षस केले होते त्यांचे. शिंगं कापायची, रंग बदलायचा.
राक्षसाचा झाला परग्रहवाला. एवढं सोपं असतं का? दिवसभर डोक्यात तेच. सळई दोनदा चुकीची कापली. चाचा: "हात इथं, डोकं हिंगोलीला."
डोकं गावाकडं नव्हतं. लई लांब होतं.

१० जुलै
देखाव्याची गोष्ट लिहायला जोशी सर असतात. कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. रिटायर झाले, घरी बसवत नाही म्हणून मंडळाचं काम. आज आले, चहा नको म्हणाले आणि दोन कप प्याले.
मी विचारलं, त्या लोकांकडं वेल्डिंग असेल का?
वाटलं हसतील. तर खुर्ची ओढून बसले. "समजा ते पाण्याखाली राहतात. विस्तव कुठून आणतील? विस्तव नाही तर लोखंड नाही. लोखंड नाही तर तू नाहीस."
"मग अडाणीच राहतील?"
"का बरं? शिंपले पाळतील, आपण बैल पाळले तसे. घर बांधणार नाहीत, वाढवतील. आणि आपली एसटी बघून म्हणतील, काय ही माणसं, मेलेल्या वस्तूच्या पोटात बसून हिंडतात."
चाचांना हसू आवरेना, वेल्डिंग थांबवलं.
म्हणजे हत्यार आधी नाही. आधी अंग कसं, हवा कशी. त्यावरून हत्यार. त्यावरून घर, भांडण, देव, सगळंच. सातवीत शाळा सोडली तोवर हे कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी खिडकीबाहेर.

१९ जुलै
गावाकडं फोन केला. दुकानदाराच्या फोनवर आई आली. शेवीला स्थळ आलंय. पोरगा बरा आहे, शेती आहे, घरात सात माणसं. दसऱ्यानंतर सुपारी फोडायची म्हणतात अण्णा.
शेवी माझ्या पाठची. जन्मापासून ऐकू येत नाही. हातानं बोलते. ती बोली आम्ही दोघांनीच केलेली, ढोरांमागं हिंडताना. भुवईवर बोट म्हणजे मी, तिथं माझी खोक आहे. मिशीला पीळ म्हणजे अण्णा, आमचे वडील. आईला थोड्या खुणा कळतात, जेवण-पाणी-ये-जा एवढ्याच. मी पुण्याला आल्यापासून ती बोलते तरी कुणाशी?
आईनं फोन तिच्याकडं दिला. नेहमीसारखी तिनं त्यात फुंकर मारली. म्हणजे मी इथं आहे. मीही मारली. माझी तिच्यापर्यंत पोचत नाही हे माहीत असून.

२० जुलै, रविवार
सकाळी उठलो तेव्हा ग्रह तयार होता. बिनआवाजाचा.
सायकल काढून तडक सरांच्या घरी. दारातच सांगितलं. सर म्हणाले, "चप्पल तरी काढ." मग म्हणाले, "हवा विरळ करून टाक. विरळ हवेत आवाज दमतो, लांब जात नाही. मग कान वाढवायची कुणाला गरज?"
हातानं बोलणारी माणसं. त्यांचं गाव कसं? भिंती कमी, कारण भिंतीआड बोलणं पोचत नाही. घरं गोल, सगळ्यांना सगळे दिसले पाहिजेत. अंधार पडला की बोलणं बंद, म्हणून त्यांनी नांगराच्याही आधी दिवा शोधला असणार. या डोंगरावरून त्या डोंगरावर गप्पा, ओरडायचं कामच नाही. अपमान करायचा तर समोरच्यापुढं डोळे मिटायचे. आणि सगळ्यात मोठी शिक्षा, हात बांधणं.
देवळात घंटा नाही. मग? वारा. देव आला की अंगाला लागतो.
दुपारी चाचांना सांगितलं. म्हटलं, आणि बांग? "नमाजाची वेळ मूळची सावलीवरूनच आहे बेटा. त्यांचं काही अडणार नाही." आणि परत पत्रा कापायला लागले. जरा वेळानं म्हणाले, "तबकडी कॅन्सल ना मग?"

२ ऑगस्ट
अध्यक्षांपुढं आराखडा. चाचा, सर, मी.
"म्हणजे निवेदन नाही. गाणं नाही. धडाडधूम नाही."
सर: "नाही."
"मग स्पीकर बिघडलाय असं लोकांना वाटू नये म्हणून आपण काय करणार आहोत?"
मी म्हणालो, पाटी लावू.
"पुण्यात पाटीला कधीच हरकत नसते. बंदुका कुठं गेल्या?"
"त्यांचे हात बोलायला लागतात. बंदूक धरली की गप्प बसावं लागेल."
अध्यक्षांनी माझ्याकडं पहिल्यांदा बघितलं. सरांना म्हणाले, "हे घ्या पाटीवर." उठताना म्हणाले, "फसलं तर पुढच्या साली तुम्ही तिघं किल्ले करा. पलीकडच्यांसाठी."
हे माझं पुण्यातलं पाचवं काम. हॉटेल, बेकरी, गॅरेज, वॉचमन. कशातच मन बसलं नाही. इथं मात्र सुट्टीच्या दिवशीही शेडवर जातो.

१६ ऑगस्ट
शेवीची राखी पोस्टानं आली. पत्र नाही, तिला लिहिता येत नाही. पाकिटात राखी आणि चिंचेचे चार चिंचोके. ढोरांमागं हिंडताना आम्ही चिंचोक्यांनीच खेळायचो.
फोनवर अण्णा होते. विचारलं, तिला विचारलं का?
"तिला काय इचारायचं? आईनं डोरलं म्हनून गळ्याला हात लावून दाखवलं, हासली ती."
"त्या घरी कुणाला खुणा येतात?"
"शिकतील की."
"तुम्ही शिकलात?"
फोन ठेवला त्यांनी. मग दिवसभर वाईट वाटत राहिलं. अण्णा वाईट नाहीत. आपल्यामागं हिचं कोण, ही धास्ती त्यांना ती पाळण्यात होती तेव्हापासून. परत फोन केला. म्हणालो, गणपतीला या तिला घेऊन. मी काहीतरी केलंय, बघा.

२८ ऑगस्ट
पाठ मोडली. त्या ग्रहावरच्या बाजाराचा देखावा उभा राहतोय. लोहार घण मारतो, पाटीवाली डोक्यावर पाटी घेऊन चालते, कुंभार मडकं घडवतो, मधे पंचायत हातवारे करते. गाड्यांच्या वायपरच्या मोटरी, बोटांना सायकलच्या ब्रेकची वायर. डोळे मागेपुढे दोन्हीकडं. बोटं हलायला लागली तेव्हा चाचांनी हातातली विडी न पेटवता खिशात ठेवली.

३ सप्टेंबर, बुधवार
गणपती बसले. संध्याकाळी पडदा उघडला. एक जण स्पीकरवर टकटक करून गेला. बाकी गर्दी आपोआप गप्प झाली. पोरं रस्त्यात एकमेकांना खुणा करत सुटली.
अध्यक्ष: "मंडईत लोक कुजबुजतायत. डॉक्टर बोलवा कुणीतरी."
एवढं कौतुक त्यांच्याकडून म्हणजे खूप झालं म्हणे.

६ सप्टेंबर, शनिवार
अण्णा आणि शेवी आले. शेवी वाळली आहे. मला बघून भुवईवर बोट, मग माझ्या पोटात बुक्की. म्हणजे इतके दिवस का नाही आलास.
संध्याकाळी मंडपात नेलं. दोरीला धरून उभी. सगळं बघितलं. पंचायतीची बोटं हलली तेव्हा माझा दंड दाबला. मग लोहाराकडं बोट दाखवलं आणि दोन्ही मुठी एकमेकींवर ठेवल्या. आमच्यात त्याचा अर्थ गप्प, मुका.
हा मुका आहे का?
मला आधी कळेना. मग कळलं. लोहाराचे दोन्ही हात घणाला. पाटीवालीचे दोन्ही हात पाटीला. कुंभाराचे मातीत. हातानं बोलणाऱ्या लोकांचा आख्खा बाजार मी मुका करून ठेवला होता. चाचांना दिसलं नाही, सरांना नाही, रोज येणाऱ्या एवढ्या गर्दीला नाही.
शेवी हसत होती. मग हसायची थांबली आणि स्वतःच्या हातांकडं बघत राहिली.

७ सप्टेंबर, रविवार
सकाळी गर्दी नव्हती. चाचांना सांगितलं. "गणपती बसल्यावर देखावा खोलायचा नाही, हा माझ्या बापाचा नियम." मग, "चुकीचं चालवायचं नाही हा पण त्याचाच." आणि पाना काढला.
शेवीनं करून दाखवलं. भाता पायानं. घण पायाच्या दांडीवर. कुंभाराला पायानंच माती घडवू दे. पाटी पाठीला, पट्ट्यानं. चाचा आणि ती बोट दाखवून दाखवून काम करत होते, मधे माझी गरज पडली नाही.
जोशी सर बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे आपली सगळी अवजारं हातातून निघाली, यांची पायातून. यांचं सगळं शिक्षण पायाचं. नाच हा यांचा कारखाना." मग: "मी दोन महिने हवेचाच विचार करत बसलो."
मी दुसराच विचार करत होतो. त्या ग्रहावर ठीक आहे. आपल्याकडं बाईचे हात कधी मोकळे असतात? सात माणसांचं घर. शेवीचे हात पिठात, पाण्यात, शेणात. ठेव ते खाली आणि बोल, असं तिला कोण म्हणणार?

१० सप्टेंबर
आज सहा-सात जणांचा घोळका आला. मुलं-मुली, माझ्या वयाचे. पडदा उघडला आणि त्यांचे हात सुरू. देखाव्यातले नव्हे, त्यांचे स्वतःचे! ऐकू न येणारे सगळे. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, मंडईजवळ बिनआवाजाचा देखावा आहे.
शेवी माझ्या शेजारी होती. क्षणात नव्हती. दोरीखालून पलीकडं.
खुणा वेगळ्या त्यांच्या. तरी जमलं, चुकत, हसत, परत करून दाखवत. त्यातल्या एका मुलीनं मंडळाच्या पत्रकामागं मला लिहून दिलं: विश्रांतवाडीला शिलाईचा वर्ग आहे, राहायची सोय आहे, सगळ्या अशाच आहेत, बहिणीला पाठवा.
आणि तिनं शेवीला नाव दिलं. गालावर बोट टेकवून गिरकी. खळी.
आम्ही तिला हातानं काय म्हणायचो, आठवायला लागलो. काहीच नाही. सगळ्यांची नावं तिनं पाडली. तिला बोलवायचं तर आम्ही फक्त खांद्याला हात लावायचो.

१३ सप्टेंबर
अण्णांना घेऊन विश्रांतवाडीला. शेवी आत मुलींच्यात, अण्णा दारात पायरीवर. किती तरी वेळ बघत होते.
"येवढ्या जनी बोलायल्यात आन मला येक बी कळंना."
मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसलो.
परत येताना बसमधे म्हणाले, "सोयरीक मोडली तर परत कोन येतंय? आन तुझं काय? चार कामं सोडलीस. उद्या हे शेड बी सोडून गेलास, तर ती हितं कुनापाशी?"
राहीन म्हणालो. पण हे मी बेकरीतही म्हणालो होतो.
उतरताना: "तूच सांग तिला. दोन्ही सांग. तुला पायजे तेवढंच सांगू नको."

१४ सप्टेंबर, रविवार
विसर्जन. शेवी ढोलांच्या पुढं छातीवर तळहात ठेवून उभी होती. बाकीचे कानावर हात ठेवून.
पहाटेच गल्लीत तिला सांगितलं होतं. एका हाताला ते घर. पोरगा बरा, सात माणसं, अण्णा निश्चिंत. दुसऱ्या हाताला वर्ग. मुली, शिलाई, मी आठवड्याला येणार, बाकी घर लांब. दोन्ही हात सारखे धरायचा प्रयत्न केला. तिनं माझ्या हातांकडं नाही, तोंडाकडं बघितलं.
तिनं एकच विचारलं. तो पोरगा माझ्याशी कशानं बोलणार?
माहीत नाही, म्हणालो.
मग एक खूण केली, मला येत नाही ती. नवीन, तिकडच्या मुलींची. परत विचारलं तर हसली आणि म्हणाली, उद्या.

१५ सप्टेंबर
एसटी स्टँडवर. गाडी लागायचीय. अण्णा तिकिटं काढून पाण्याच्या नळाकडं गेलेत. एक नाही, दोन काढलीत, दुसरं शेवीचं. काढताना माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं.
काल उद्या सांगते म्हणाली, पण सकाळपासून शेवीचे हात रिकामे नाहीत. आधी खोलीतली भांडी घासली, माझे कपडे धुतले, मग बांधाबांध. आता दोन्ही हातात पिशव्या. बाक रिकामा आहे, बस म्हटलं तर बसत नाही. पिशव्या दे म्हटलं तर देत नाही. मुद्दाम धरून ठेवल्यात की काय? बोलायचं नाही म्हणून? की काय बोलायचं ते ठरलेलं नाही म्हणून.
चाचांनी तिला बोटं हलवणारी एक ब्रेकची वायर दिलीय, पिशवीतून बाहेर आलीय.
गाडी लागली. अण्णा दारातून हात करताहेत. कंडक्टर ओरडतोय, हिंगोली हिंगोली.
शेवीनं पिशव्या खाली ठेवल्या. दोन्ही.
वही मिटतो. लिहीत बसलो तर तिच्याकडं बघता येणार नाही.