दोन छोटे स्पीकर आणि मागे बसलेले काका

गुरुवार, १४ ऑक्टोबर, सकाळी सव्वासात. (नव्या स्पीकरवरची धूळ मऊ कापडाने पुसत होतो. धूळ नव्हती, तरी पुसली.)

तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार.

आत्याला इथे ठेवून गेलात, त्या बदलीच्या गावी तुमचा गुडघा तरी नीट वागतो ना? खानावळीच्या आमटीत आता डाळ सापडू लागली का? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, म्हणजे मी सोडून. मी मजेत नसण्याचे कारण तुम्ही आहात, पण ते ओघाने येईलच.

वरची इस्त्रीची खोली मी गाणी ऐकण्यासाठी सजवल्याचे आत्याने तुम्हाला कळवलेच असेल. (सोफे शिवताना उरलेला फोम चारही भिंतींना लावला. आई म्हणते, खोलीला थंडी वाजत होती का?) आधी एका मित्राचे कपाटाएवढे स्पीकर आणून पाहिले, तर ठेका वर आणि बश्यांचा नाच खाली स्वयंपाकघरात. म्हणून छोटे, पण उंची स्पीकर घ्यायचे ठरले. आत्या म्हणाली, अर्धे पैसे माझे, पण पहिले गाणेही माझेच लागेल. बाबांच्या निवृत्तीच्या समारंभात तिने म्हटलेले आणि मी रेकॉर्ड केलेले, तेच. आजवर तिने ते फोनवरच ऐकले आहे, आणि येत्या रविवारी ते ऐकायला ती नवी साडी नेसून येणार आहे.

स्पीकर घेताना आपल्या ओळखीचे गाणे नेऊन वाजवून बघायचे असते, म्हणून मी तेच नेले. दुकानात गालिचा, दोन खुर्च्या आणि देवळातल्यासारखी शांतता. (मी चपला बाहेर काढल्या. तशी गरज नव्हती, असे नंतर कळले.) दुकानदाराने चपलांच्या खोक्याएवढे दोन स्पीकर स्टँडवर ठेवले आणि काका, आत्या समोर येऊन उभी राहिली हो! तिचा श्वास, बांगड्या, कडव्याआधीचे ते हलके हसू. माझे डोळे भरून आले. आणि नेमके तेव्हाच, डाव्या बाजूने, काहीतरी कुरकुरीत खात तुम्ही म्हणालात, "हिला कोणीतरी पाणी द्या रे, म्हणजे थांबेल."

दुकानदार खूश! म्हणाला, "बघा, मागच्या रांगेतले गृहस्थसुद्धा किती स्वच्छ!" मी घाबरत विचारले, "हे गृहस्थ ऐकू येणार नाहीत असे स्पीकर आहेत का?" तो म्हणाला, "साहेब, गृहस्थ ऐकू यावेत म्हणून तर लोक एवढे पैसे मोजतात."

तरी बिचाऱ्याने एकेक पायरी उतरत चार जोड लावले. दुसऱ्यात तुमचे खाणे गेले, तिसऱ्यात 'पाणी' तेवढे उरले, चौथ्यात तुम्ही पुरते गेलात. पण तुमच्याबरोबर आत्याचे हसूही गेले, बांगड्या गेल्या, आणि उरली ती पत्र्याच्या डब्यात बसून गाणारी कोणी परकी बाई. अर्धे पैसे आत्याचे आणि त्यात आत्याच नाही, हे मनाला पटेना. शेवटी पहिलेच घेतले. (रविवार डोळ्यांसमोर होता, तरी घेतले.)

घरी आल्यापासून तुम्हाला झाकण्याचे प्रयत्न चालू आहेत. डाव्या स्पीकरसमोर फोम धरला, तर आत्या दबली आणि तुम्ही जणू उशीतून बोलू लागलात. मग नेमक्या जागी बाबांनी खोकायचे ठरले. तालमीत बाबा पहिल्यांदा लवकर खोकले, दुसऱ्यांदा ऐकण्यात रंगून खोकायचेच विसरले, आणि तिसऱ्यांदा त्यांना खरीच उबळ आली, तर आई पाणी घेऊन धावली. तेव्हा आता एकच उपाय उरतो. रविवारच्या आत आत्याला फोन करून तुम्हीच काय ते सांगून टाका. तुमच्या संसारात माझ्या स्पीकरने बिब्बा घालू नये, एवढीच इच्छा.

तुमचा,
भाचा

ता. क. पाकीट आणायला खाली गेलो, तर आत्या दारात! तिला रविवारपर्यंत धीर निघाला नाही. डोळे मिटून तिने पूर्ण गाणे ऐकले. तुमची जागा आली तसा मी खोकलो, तर म्हणाली, "गप रे! यांचं वाक्य ऐकू दे." आणि पोट धरून हसली. म्हणाली, "तेव्हाच ऐकलं होतं मी. म्हणून तर शेवटचं कडवं तीनदा म्हटलं!" मग तेवढाच तुकडा पुन्हा लावायला सांगितला. सध्या चौथ्यांदा चालू आहे. घर सुनं सुनं वाटतं, म्हणते. इथे निदान तुम्ही खाताना तरी ऐकू येता.

ता. ता. क. हिशेब: स्पीकर, अर्धे आत्याचे, अर्धे माझे, चुकते. तारा, माझ्याकडून, चुकत्या. दोन स्टँड, देणे बाकी. आत्या म्हणते, तो दंड काकांचा. आणि पैसे पाठवायचे नाहीत, सुट्टी काढून स्वतः आणून द्यायचे.