जळवांनी तोंड फिरवलं

दि. ४ जानेवारी

सौ. वन्संना, स. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुमच्या दादांच्या पायाची जखम जळवांनी पंधरा दिवसांत निम्मी भरली, हे वाचून आनंद झाला. पोटातही दुखलं. आठ महिने ती जखम मी धुतली, पट्ट्या उकळल्या, साखरेचा डबा लपवला, तरी अंगठा काळवंडतच गेला आणि सर्जनने कापायची तारीख दिली. तुमच्याकडे वैद्यांच्या बरणीतल्या तीन जळवा आल्या, तर हे लिहितात की त्या भारी शहाण्या आहेत. माझ्या शहाणपणाबद्दल तीस वर्षांत अवाक्षर नाही.

बरणीवर यांच्या नावाची चिठ्ठी आहे म्हणे. यांचं नाव तर मीही लावते. रविवारी येते. लोभ थोडा इकडेही वळवावा.

तुमची वहिनी

दि. ९ जानेवारी

ती. वहिनीस, सा. न. वि. वि.

दोन दिवस राहिलीस, घर भरल्यासारखं वाटलं. पण तू गेलीस आणि मंगळवारी जळवांनी पायाला तोंडच लावलं नाही. सुईने रक्ताचा थेंब काढून दाखवला, तरी घसरून ताटलीत पडल्या. वैद्यांनी विचारलं, साबण किंवा अत्तर लावलंत का, वास त्यांना सोसत नाही. मी छातीठोकपणे नाही म्हणाले. दादा खिडकीबाहेर बघत राहिला.

आठवडा वाया गेला. सर्जनची तारीख वीसची आहे, तोवर जखम सुकली नाही तर अंगठा जाईल. तुला काही माहीत आहे का? लोभ असावा, आणि उत्तर लगेच यावं.

तुझी नणंद

दि. १२ जानेवारी

सौ. वन्संना, स. न. वि. वि.

माहीत आहे. सोमवारी तुम्ही भाजीला गेलात तेव्हा मीच पाय धुतला, माझ्या गुलाबाच्या साबणाने. लावू नये हे तुम्ही बजावलं होतंत, म्हणजे चुकून नाही. तो पाय एकदा माझ्या हातचा हवा होता. जळवांवर जळणारी बाई पाहिली नसेल तर पाहून घ्या.

अंगठा गेला तर तो मी कापला असं समजा. यांना वाचून दाखवा. लोभ मागायला आज तोंड नाही.

वहिनी

दि. २२ जानेवारी

ती. वहिनीस, सा. न. वि. वि.

अंगठा राहिला. गेल्या मंगळवारी जळवा मुकाट्याने लागल्या, परवा सर्जनने पाय पाहून तारीख खोडली.

पत्र दादाला वाचून दाखवलं. त्याला साबणाचं पथ्य चांगलं ठाऊक होतं, तरी तुला अडवलं का नाही, म्हणून मी रागावले. तो म्हणाला, वर्षभर त्या तळव्याला काही कळत नाही, जळू चावलेलीसुद्धा नाही. त्या दिवशी तिचे हात कळले.

महिनाभर रोज मीही तोच पाय धुते आहे, वहिनी. आता दुखण्याची पाळी माझ्या पोटाची. तो परवा घरी निघतो आहे, त्याला न्यायला ये, साबण तेवढा घरीच ठेव. लोभ सगळा तुझ्याकडेच आहे, उरला तर पाठव.

तुझी नणंद