नवव्या सूचनेची मागची बाजू

ती. दाजी,

धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकलेलो नाही. महिनाभर बॉनेटखाली वाकून कंबर धरली आहे, त्याचं कारण पुढे येईलच.) आमच्याकडे सर्व खुशाल. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? नवा बसवून तीन महिने झाले, म्हणजे एव्हाना तो घरातलाच झाला असेल असं मी धरून चाललो आहे. ताईला विचारलं तर ती फोनवर नुसतं ‘हं’ म्हणते, आणि ताईच्या ‘हं’चा अर्थ लावण्यात तुमची हयात गेली आहे, तेव्हा मी त्यात पडत नाही.

तुमचं पत्र मिळालं. आयुष्यभर जमिनी मोजलेला माणूस तुम्ही, साधी छत्री मागवायची तरी पाच मुद्दे लिहिता, आणि या वेळी नुसती दीड ओळ: ‘या पायाने मी पुन्हा गाडी चालवेन असं वाटत नाही. विकून टाकावी.’ गुडघ्याच्या ऑपरेशनआधी सूचनांच्या कागदासकट गाडी माझ्या दारात ठेवून गेलात, ती काय विकायला? वाचून मला मुळीच बरं वाटलं नाही. पण तुमचा शब्द मी कधी मोडलेला नाही. कॉलेजची चार वर्षं मी तुमच्या दोन खोल्यांत येऊन पडलो, तेव्हा तुम्ही नकाशांचं टेबल मुकाट्याने स्वयंपाकघरात हलवलंत आणि चार वर्षं फोडणीच्या ठसक्यात नकाशे काढलेत. अशा माणसाने सांगितलं विक, की विकायची. त्याच दिवशी कामाला लागलो.

इथे आमच्या शेजारचे कप्तान मध्ये आले. (ते कशाचे कप्तान होते हे गल्लीत कुणालाच माहीत नाही, विचारायची सोय नाही.) त्यांचं म्हणणं, गाडी अशी नेभळट विकू नये, तिला जरा दम आणावा, म्हणजे गिऱ्हाईक धावत येईल. इंजिनाला मोकळा श्वास पाहिजे, असं ते दोन्ही नाकपुड्या फुगवून म्हणाले. मी मुद्रितशोधक, दुसऱ्याच्या लिखाणातला काना सुटलेला मला दिसतो, पण दुसऱ्याच्या बोलण्यातलं काय सुटलं आहे ते कधी दिसत नाही. आठ दिवसांत तुमच्या बिस्किटी रंगाच्या सोज्ज्वळ गाडीला डब्यातला एअर फिल्टर काढून उघडा, शंकूसारखा फिल्टर बसला आणि मागे मनगट आत जाईल एवढ्या तोंडाचा सायलेन्सर लागला. आवाज असा, की समोरच्या गच्चीतल्या बाईंनी पहिल्या दिवशी वाळत घातलेले कपडे आत घेतले.

दम मात्र आला नाही, उचक्या आल्या. थांबलेली असताना इंजिन एकदा गुरगुरायचं, एकदा मान टाकायचं. दुपारपर्यंत समोरच्या पट्टीवर इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लागायचा. पण मी निर्धास्त होतो, कारण तुमचा सूचनांचा कागद माझ्यापाशी होता. सूचना क्रमांक नऊ: ‘गाडी उभी केल्यावर बॅटरीची तार न चुकता काढावी.’ रोज संध्याकाळी कामावरून आलो की चप्पल काढायच्या आधी मी तार काढत असे. सकाळी जोडली की दिवा गायब. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मी तुम्हाला मनातल्या मनात हात जोडले, काय दूरदृष्टी म्हणून.

मग पहिलं गिऱ्हाईक आलं, एक दंतवैद्य. स्वभावाने मऊ माणूस. सुरुवातीचे दोन चौक बरे गेले, तिसऱ्या चौकात गाडी तीनदा बंद पडली, चौथ्यांदा चालू होताना मागून असा बार निघाला की वाहतूक पोलिसाने शिट्टी तोंडातून काढली. दंतवैद्य खाली उतरला, बॉनेट उघडून खूप वेळ आत बघत राहिला, आणि सगळेच काढावे लागतील अशा चेहऱ्याने पायी निघून गेला.

शेवटी नाक मुठीत धरून गॅरेजवाल्या बाईंकडे गेलो. दाजी, ही बाई तुम्हाला आवडेल. गॅरेजात एकही पाना जमिनीवर नाही, भिंतीवर प्रत्येक पान्याची बाह्यरेषा रंगवलेली, आणि बाई समोरचा माणूस पूर्ण बोलून होईपर्यंत ऐकतात. त्यांनी स्टिअरिंगखाली एक वायर खोचली, हातातल्या पडद्यावर आकडे पाहिले आणि मला विचारलं, गाडी आज पहिल्यांदाच चालवताय का? म्हटलं, रोज चालवतो. त्या म्हणाल्या, मग हिला काहीच कसं आठवत नाही?

पुढे त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी स्टुलावर बसलो. गाडीत एक कॉम्प्युटर असतो, हे आपल्याला माहीत होतं. (म्हणजे तुम्हाला होतं.) आत किती हवा आली हे त्याला एक मापक सांगतो, आणि धुराच्या नळीत त्याचं एक नाक बसवलेलं असतं. धुरात प्राणवायू उरला तर तो समजतो पेट्रोल कमी पडलं, मग थोडं वाढवतो. उरला नाही तर कमी करतो. सेकंदाला कितीतरी वेळा, न कंटाळता. कुणी फिल्टर बदलला, सायलेन्सर बदलला, तर का बदलला, कुणाच्या नादाने बदलला, हे तो विचारत नाही. आलं ते पदरात घेतो आणि हिशोबाने चालायला बघतो. बाईंच्या शब्दांत, त्याच्यापाशी एक पाटी असते आणि एक वही. क्षणाक्षणाची दुरुस्ती पाटीवर. तीच दुरुस्ती पुन्हा पुन्हा करावी लागली, की ती वहीत उतरवून घेतो, आणि मग तीच त्याची चाल होते. संथ चाल, चढण, भरधाव, प्रत्येकाचं वेगळं पान. मात्र पाटीवरचं वहीत उतरायला त्याला दिवस द्यावे लागतात, आणि इंजिन गरम होईपर्यंत नाकाला नीट वास येत नाही, म्हणून गल्लीतल्या गल्लीत फिरून भागत नाही. फारच ओझं झालं, दुरुस्ती हाताबाहेर गेली, तर तो आरडाओरडा करत नाही, एक छोटा दिवा लावतो. मी उभ्या आयुष्यात इतका समंजस कुणी पाहिला नाही, एक तुम्ही सोडून.

त्यांनी फिल्टरच्या नळीवरचा एक ढिला क्लिप शोधून आवळला. कप्तानांनी घट्ट केलाय म्हणून सांगितलं होतं तोच. तिथून चोरून हवा आत जात होती, मापकाला पत्ता नाही, आणि कॉम्प्युटर बिचारा ती निस्तरत होता. बाई म्हणाल्या, आपल्याला जे आवळता येतं त्यासाठी त्याला राबवायचं नाही. मग विचारलं, वही रोज कोण फाडतं? मी अभिमानाने नववी सूचना दाखवली. बाईंनी कागद वाचला आणि उलटला.

दाजी, मी वीस वर्षं प्रुफं वाचतो. त्या कागदाला मागची बाजू आहे हे मला तीन महिन्यांत सुचलं नाही. मागे पहिल्याच ओळीत तुमच्या सुवाच्य अक्षरात होतं: ‘(ती महिनाभर वापरायची नसेल तर.)’ रोज संध्याकाळी तार काढून मी त्या कॉम्प्युटरची वही कोरी करत होतो, आणि रोज सकाळी तो बापडा पहिल्या पानापासून श्रीगणेशा करत होता. त्याने एकदाही ‘मी नाही शिकत जा’ म्हटलं नाही.

त्यानंतर तार काढली नाही. बाईंनी सांगितल्याप्रमाणे रोज थोडी संथ, थोडी चढावर, थोडी मोकळ्या रस्त्यावर चालवली. चार दिवस कुरकुरली. सहाव्या दिवशी चौकात थांबली ती शांत थांबली. दहाव्या दिवशी पाण्याच्या टाकीचा चढ तिने असा काढला, की मी वर जाऊन उगीचच एकदा खाली आलो आणि पुन्हा वर गेलो. दिवा लागलेला नाही. दंतवैद्यांचा निरोप आला आहे, रविवारी पुन्हा बघायला येणार. तुमच्या इच्छेप्रमाणे व्यवहार उरकून कळवतो. ताईला नमस्कार, तुमच्या गुडघ्यालाही.

तुमचा आज्ञाधारक (अर्ध्या पानापर्यंत),
मेहुणा

ता. क. रविवार होऊन गेला. पत्र टाकायचं राहिलं होतं ते बरंच झालं. दंतवैद्य आले, गाडी चालवली, खूश झाले. मी त्यांना गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. तुमचा शब्द मोडायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे बोलताना माझी जीभ अडखळली, आणि त्यांनी सवयीने माझ्या तोंडात डोकावून पाहिलं.

ता. क. दुसरा. काल ताईने त्या ‘हं’चा अर्थ सांगितला. तुम्ही दोन दिवस चालता, दुखलं की पाच दिवस पलंग धरता, आणि सहाव्या दिवशी पहिल्या पावलापासून सुरुवात करून म्हणता, बघ, काही फरक नाही. हे पत्र लिही असं मला तिनेच सांगितलं होतं, ते गाडीबद्दल नव्हे, तुमच्या गुडघ्याबद्दल.

ता. क. तिसरा. (हा कागदाच्या मागे लिहितो आहे. पान उलटायची सवय आपल्यात तुम्हालाच आहे.) गाडी न्यायला तुम्ही स्वतः या. आमच्या फाटकापासून तिच्या दारापर्यंत बेचाळीस पावलं आहेत, मोजली आहेत, तुम्ही फेरमोजणी करालच. सायलेन्सर जुना लावून ठेवतो. पहिले काही दिवस ती हिसके देईल, तिला सध्या माझ्या पायाची सवय आहे. देऊ द्या. दुखलं तरी दुसऱ्या दिवशी थोडं चाला, तिसऱ्या दिवशीही. तार तेवढी काढू नका.